फोर-व्हीलचा दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत: मोटर बदलण्याआधी काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिझेल एसयूव्ही, पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह (एरवी फक्त मागची चाकं ओढतात, गरजेला पुढची जोडायची). डॅशबोर्डवरच्या नॉबने २एच (फक्त मागची चाकं), ४एच (चारही चाकं, नेहमीचा वेग), ४एल (चारही चाकं, कमी वेग पण जास्त जोर) निवडायचं आणि पुढचे हब (चाक एक्सल शाफ्टला जोडणारी कुलपं) व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, लागणारे. पावसाळ्यात ओढा ओलांडल्यानंतर तीन तक्रारी सुरू झाल्या. एक, ४एच घेतलं की दिवा कधी लगेच स्थिर होतो, कधी नुसता लुकलुकत राहतो. दोन, स्थिर झाला तरी चिखलाच्या चढावर मागचीच चाकं गरगरतात, पुढची ओढत नाहीत. तीन, ४एल लागतच नाही. मध्यंतरी मागचे दोन टायर नवे टाकले आहेत. गॅरेजवाल्यांनी ट्रान्स्फर केसची (गिअरबॉक्सचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीची) शिफ्ट मोटर, म्हणजे नॉब फिरवल्यावर आतले गिअर सरकवणारी मोटर, बदलायला सांगितली आहे. बदलावी का?

आत्ता नको. मोटर गेली असेल तर पहिली आणि तिसरी तक्रार समजू शकते, दुसरी नाही. दिवा स्थिर असताना पुढची चाकं ओढत नसतील, तर मोटरने आपलं काम बहुधा केलेलं आहे आणि जोर पुढे कुठेतरी गळतो आहे. म्हणजे दोन वेगळे दोष एकाच पाण्याने एकदम उभे केलेले असू शकतात. नवी मोटर बसवूनही गाडी त्याच चढावर त्याच जागी अडकेल.

आधी दिव्याबद्दल. बऱ्याच गाड्यांत हा दिवा ट्रान्स्फर केसवरच्या एका स्विचवरून किंवा मोटरच्या आतल्या एन्कोडरवरून (मोटर कुठल्या जागी आहे ते सांगणाऱ्या सेन्सरवरून) लागतो. तो केसच्या आतलं गिअर सरकल्याची बातमी देतो. त्यापुढे साखळी, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (केसपासून एक्सलपर्यंतचा लांब दांडा), डिफरन्शियल किंवा डिफ (जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरपेटी), एक्सल शाफ्ट आणि हब असा लांब रस्ता आहे आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींची खबर दिव्याला नसते. त्यामुळे ‘दिवा लागतोय म्हणजे फोर-व्हील लागलंय’ हे गृहीत धरू नका.

अजून एक गोष्ट आधीच निकाली काढू. चढावर अडकलात तेव्हा मागची दोन्ही चाकं फिरत होती, की मागचं एक आणि पुढचं एक? साध्या डिफरन्शियलच्या गाडीत फोर-व्हील लागलेलं असतानाही एक चाक मागचं आणि तिरकं समोरचं एक पुढचं, अशी दोन चाकं हवेत किंवा निसरड्यावर गेली की गाडी जागीच थांबते. तो दोष नाही, साध्या डिफचा स्वभाव आहे. पुढचं एकही चाक हललं नाही, तरच खालचं सगळं वाचा. घरचा माणूस बाहेर उभा करून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. गाडीत बसून अंदाज करणारे बऱ्याचदा चुकतात.

आता हाताने चाक फिरवून पाहायची चाचणी. यात पैसे लागत नाहीत आणि अर्ध्या तासात दोष कुठल्या भागात आहे ते कळतं. मोकळ्या मातीच्या सपाट जागेवर इंजिन चालू करून ४एच घ्या, सरळ वीसेक मीटर गाडी चालवा, दिवा स्थिर झाला की थांबा आणि चावी बंद करा. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. मग पुढचा एक्सल जॅकने उचलून दोन्ही बाजूंना घोडे (लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. आणि एक चाक किंवा एकच एक्सल उचललेला असताना इंजिन चालू करून गिअर टाकून ‘बघू फिरतंय का’ हा प्रकार तर अजिबात नको. ४एचमध्ये जमिनीवरच्या चाकांनाही जोर जातो आणि गाडी घोड्यावरून उडी मारते.

तुमचे हब व्हॅक्यूमवरचे आहेत. काही गाड्यांत इंजिन बंद झालं की थोड्या वेळाने ते सुटतात. म्हणून चाचणीपुरता हातपंप (गेज असलेला, ब्रेक ब्लीड करायला वापरतात तो) हबच्या नळीला लावून व्हॅक्यूम द्या. मग उजवं चाक हाताने पुढे फिरवा आणि दुसऱ्या माणसाला खालून शाफ्टकडे बघायला सांगा.

सगळं ठीक असेल तर उजवं चाक पुढे फिरताच डावं चाक उलट, मागे फिरेल आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट थोडीशी ढिलाई दाखवून थांबेल. तो मागच्या शाफ्टला जोडला गेलेला आहे आणि मागची चाकं जमिनीला धरून आहेत, म्हणून डिफच्या आतले छोटे गिअर जोर पलीकडे फेकतात. दोन माणसांनी दोन्ही चाकं एकदम पुढे फिरवायचा प्रयत्न केला तर ती हलणारच नाहीत.

आता बिघाडाचे प्रकार. चाक फिरतंय पण त्याच्या आतला एक्सल शाफ्ट जागच्या जागी आहे: त्या बाजूचा हब लागलेला नाही. उजवा शाफ्ट फिरतो, डावा शाफ्टही उलटा फिरतो, पण डावं चाक ढिम्म: डावा हब लागलेला नाही. चाकाबरोबर पुढचा प्रॉपेलर शाफ्टच गोल-गोल फिरत राहतो, किंवा शाफ्ट हाताने धरून तीन-चार फेरे सहज फिरवता येतो: हब ठीक, ट्रान्स्फर केसच पुढचा जोर जोडत नाही. आत गिअर सरकलेला नाही, फोर्क (गिअर सरकवणारा काटा) तुटलेला आहे किंवा साखळी गेली आहे.

तुमची दुसरी तक्रार या चाचणीत बहुधा हबकडे बोट दाखवेल. त्यात एक गंमत आहे. दोन्हीपैकी एकच हब सुटलेला असला तरी पुढची दोन्ही चाकं निकामी होतात. साधं डिफ जोर नेहमी मोकळ्या बाजूला सोडतं. सुटलेल्या हबचा शाफ्ट आत नुसता गरगरत राहतो आणि पलीकडच्या चांगल्या हबला काहीच मिळत नाही. म्हणून ‘दोन्ही चाकं ओढत नाहीत, म्हणजे ट्रान्स्फर केसच गेलं’ हा तर्क चुकीचा ठरतो.

व्हॅक्यूम तपासताना उगमापासून चाकाकडे जा. डिझेल इंजिनला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बहुधा अल्टरनेटरच्या मागे किंवा कॅमशाफ्टवर. समुद्रसपाटीजवळ, इंजिन गरम आणि निष्क्रिय गतीवर असताना पंपाच्या नळीवर २४ ते २८ इंच पारा (सुमारे ६०० ते ७०० मिलिमीटर) मिळायला हवा. पेट्रोलच्या मॅनिफोल्डवर हाच आकडा साधारण १७ ते २१ इंच असतो. गाडी घाटमाथ्यावर असेल तर दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक इंच वजा करा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे चार-साडेचार इंच कमी दाखवणारं गेज खोटं नाही. ब्रेकचा पेडल नेहमीसारखा हलका लागतोय ना, हेही बघा. पेडल हलका करणारा बूस्टर त्याच पंपावर चालतो. पेडल कडक झाला असेल तर हबकडे जाण्याआधी पंप आणि मुख्य नळी.

पंप ठीक असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (हबकडे व्हॅक्यूम सोडणारी विजेची झडप). कुणाला तरी नॉब फिरवायला सांगून हात व्हॉल्व्हवर ठेवा, टक्कन ठोका जाणवला पाहिजे. आवाज येतो पण पलीकडच्या नळीत ओढ नाही, तर आत चिखल. या व्हॉल्व्हला हवा सोडायचं एक तोंड असतं, त्यावर छोटा स्पंजाचा फिल्टर. ओढ्याच्या पाण्यातला गाळ तिथे बसला की हब लागतो पण सुटत नाही. लोक मात्र हबच बदलत बसतात.

पुढे हब. प्रत्येक बाजूची नळी वेगळी काढून हातपंपाने १५ इंच द्या आणि मिनिटभर बघा. काटा एखाद्या इंचाहून जास्त उतरायला नको. झरझर उतरला तर गळती त्या बाजूला. नळी साधारण दोन ठिकाणी फाटते: स्टिअरिंग वळताना जिथे ती दुमडते तिथे, आणि नकलच्या (चाक धरून वळणाऱ्या भागाच्या) तोंडाला जिथे घट्ट बसवलेली असते त्या टोकाला. वरून धड दिसते, म्हणून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा पंप मारा. सरळ असताना धरते आणि वळवल्यावर सोडते अशी नळी नेहमी सापडते.

नळी धड असूनही व्हॅक्यूम टिकत नसेल तर नकलच्या आतलं सील गेलं. हे वाईट, कारण गळक्या सीलमधून हब नुसती हवा ओढत नाही. चाक पाण्यात असेल तर पाणी आणि गाळ ओढतो. हबची टोपी काढा. ग्रीस दुधाळ, चहाच्या सायीसारखं झालं असेल तर पाणी आत शिरून काही दिवस झालेत. हब धुवून, वाळवून, दातांवर ग्रीसचा पातळ हात फिरवा. ठासून भरू नका. हबमधली दातांची रिंग हलक्या ओढीवर सरकते, जाड ग्रीसने ती अर्ध्यात अडकते आणि थंडीच्या सकाळी हब लागतच नाही. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस वेगळं, हबचं वेगळं, हा फरक घाईत विसरला जातो. बेअरिंगमध्येही पाणी असेल तर सील बदलताना बेअरिंगही बघून घ्या. तेच काम दोनदा उघडणं महाग पडतं.

आता लुकलुकणारा दिवा आणि न लागणारं ४एल. लुकलुकणं म्हणजे कंट्रोल युनिटने (फोर-व्हीलची शिफ्ट चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीने) हुकूम दिलाय आणि ‘झालं’ असं उत्तर अजून आलेलं नाही. बाजारातला स्वस्त ब्लूटूथ ओबीडी रीडर बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतो, फोर-व्हीलच्या युनिटपर्यंत पोचत नाही. ‘स्कॅन केलं, कोड नाही’ याचा अर्थ म्हणूनच फारसा नसतो. त्या युनिटमध्ये शिरू शकणारा स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा.

४एलच्या अटी वेगळ्या असतात आणि तिथेच बऱ्याच मोटर विनाकारण बदलल्या जातात. गाडी थांबलेली किंवा अगदी रेंगाळती हवी आणि मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण दाबलेला किंवा ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रल. हे युनिटला कळतं क्लच-स्विच, न्यूट्रल-स्विच आणि स्पीड सेन्सरवरून. क्लचखालचा स्विच गेला असेल किंवा रबरी मॅट पेडलखाली आल्याने क्लच तळाला टेकत नसेल, तर ४एच बिनतक्रार लागेल आणि ४एल कधीच लागणार नाही. स्पीडोमीटरचा काटा अधूनमधून उडत असेल तर स्पीड सेन्सरची वायर आधी. मोटर तीच आहे, ४एचला फिरते आणि ४एलला फिरत नाही, तर आधी परवानगी देणारे स्विच तपासा.

मग वीज. मोटरचा कनेक्टर गाडीखाली असतो आणि ओढ्याचं पाणी थेट त्यावर येतं. उघडल्यावर पिनांवर हिरवी बुरशी दिसली तर मल्टिमीटरवर विश्वास ठेवू नका. गंजलेल्या वायरच्या एका तारेतूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतं, कारण मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब दोन वायर जोडून घ्या आणि कनेक्टरवर लावून कुणाला तरी नॉब फिरवायला सांगा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. झगझगीत पेटला तर वायर धड, मंद पिवळा पेटला तर वायर किंवा अर्थ सडलेला. मीटर वापरायचंच तर मोटर फिरत असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून मोटरच्या अर्थपर्यंतचा फरक मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थचा बोल्ट काढून, पत्रा घासून पुन्हा बसवा. बॅटरी जुनी असेल तर तिचीही शहानिशा करा. कमी व्होल्टेजवर काही युनिट शिफ्टच नाकारतात आणि दिवा लुकलुकत ठेवतात.

इथवर सगळं धड निघालं तर मोटरचा नंबर. ती ट्रान्स्फर केसवरून काढा, पण काढण्याआधी शाफ्ट आणि मोटर दोन्हींवर मार्करने रेघ ओढा आणि फोटो काढा. मग केसमधून बाहेर आलेला शिफ्ट शाफ्ट पकडीने हलकेच फिरवा. मागचं चाक दुसऱ्याने थोडं पुढे-मागे केलं की दात जुळतात. शाफ्ट टप्प्याटप्प्याने, अडखळत पण नीट सरकला आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट धरला गेला, तर केसचं आतलं काम ठीक आणि दोष मोटरमध्ये. शाफ्टच जाम असेल तर नवी मोटरही जळेल. सुट्या मोटरला बॅटरीवरून १० अँपिअरच्या फ्यूजमधून क्षणभर वीज द्या. फिरली नाही तर उघडून बघा: कार्बन ब्रश अडकलेले, आत पाणी, चुंबकावर गंज. पुष्कळ मोटर नुसत्या साफ होऊन चालतात. फिरते पण दिवा लुकलुकतोच, तर एन्कोडरच्या पट्ट्या झिजलेल्या किंवा ओल्या. बसवताना रेघ चुकली तर युनिटला ४एच हे २एच वाटतं आणि मग नवाच गोंधळ.

चालत्या गाडीत ४एच घेताना दात घासल्याचा करकर आवाज, आणि थांबून घेतलं की बिनआवाज, असा प्रकार असेल तर वेगळं बघा. चालत्या गाडीत शिफ्ट होणाऱ्या काही केसमध्ये पुढच्या शाफ्टला आधी वेगात आणणारा चुंबकीय क्लच असतो. त्याची कॉइल किंवा तिची वायर तुटलेली असते.

टायरची गोष्ट तुम्ही सहज लिहिली आहे, पण ती सहज नाही. २३५/६५ आर१७ टायर धरा. व्यास ७३७ मिलिमीटर, परीघ सुमारे २,३१६. पुढचे टायर मागच्या नव्यांपेक्षा ४ मिलिमीटर झिजलेले असतील तर परीघ २५ मिलिमीटरने कमी, म्हणजे एक टक्क्याहून थोडा जास्त. दर किलोमीटरला पुढची चाकं मागच्यांपेक्षा साधारण पावणेपाच फेरे जास्त मारणार. क्राउन-पिनियनचं (डिफमधल्या मुख्य गिअरजोडीचं) गुणोत्तर चारच्या आसपास असेल तर प्रॉपेलर शाफ्टमध्ये तो फरक एकोणीस-वीस फेऱ्यांचा होतो. पार्ट-टाइम गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना कुलूपबंद असतात, मधे डिफ नसतं. मातीवर चाक घसरून हा फरक फेडतं, डांबरावर तो साखळी आणि दातांवर ताण म्हणून साठत जातो. मग ४एच लागलेलं सुटत नाही, दिवा लुकलुकतो, नॉब २एचवर असूनही गाडी वळताना अडते. अशा वेळी नॉबशी झटू नका. सरळ रेषेत पाच-दहा मीटर मागे घ्या, ताण उतरतो आणि ‘ठक’ करून सुटतं. त्यानंतर चारही टायर एका मापाचे करा, किंवा निदान हवा सारखी ठेवून खडूने खूण करून प्रत्येक चाकाचे पाच फेरे जमिनीवर मोजा.

जुन्या मालाच्या बाजारातून पुढचं किंवा मागचं डिफ आणून बसवलेलं असेल तर हीच लक्षणं कितीतरी जोराने दिसतात, कारण गुणोत्तरच वेगळं असतं. पुढच्या एक्सलसाठी एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, दोन्ही हब लागलेले, ट्रान्स्फर केस २एचमध्ये. उचललेलं चाक दहा फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक थांबलेलं असल्याने आकडा निम्मा येतो: ४.१ च्या डिफला साडेवीस फेरे, ४.३ ला साडेएकवीस. मागच्या एक्सलसाठी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सुटा, पुढच्या चाकांना ठोकळे. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत.

ओढा ओलांडलेला आहे, त्यामुळे तेल बघितल्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही. पुढचं डिफ, मागचं डिफ, ट्रान्स्फर केस, तिन्ही. आधी भरायचा बोल्ट सोडा, तो सुटला तरच खालचा सोडा. खालून सगळं तेल सांडलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी तिथेच. दुधाळ तेल म्हणजे पाणी. चुंबकावर राखाडी पेस्ट असणं नेहमीचं आहे, चमचमते तुकडे किंवा पोलादाची कोर आली तर केस उघडावं लागेल. पाणी शिरतं ते बहुधा ब्रीदरमुळे (आतली हवा ये-जा करायला ठेवलेलं तोंड): डिफ गरम असताना थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, ब्रीदर चिखलाने बंद असेल तर ती ओढ सीलच्या ओठातून पाणी आत घेते. ब्रीदरच्या टोपीत फुंकून बघा, नळी वर बोनेटपर्यंत नेता आली तर उत्तम. तेलाचा प्रकार गाडीच्या पुस्तिकेतलाच. साखळीच्या काही केसना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागतं, त्यात ८०डब्ल्यू-९० हे जाड गिअर तेल ओतलं की शिफ्ट जड होते आणि थंडीत दिवा लुकलुकायला एक नवं कारण मिळतं.

हे वर्णन तुमच्यासारख्या गाड्यांचं झालं. जिप्सीत हा विजेचा पसारा नाही. तिथे ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळा आहे आणि त्याचे रबर माउंट बसले की लिव्हर जोराखाली निसटतो, आतला फोर्क बदलण्याआधी माउंट बघायचे. जिम्नीत ट्रान्स्फरचा लिव्हर हाताने पण पुढचे हब व्हॅक्यूमवर, म्हणजे वरचा हबचा भाग तसाच लागू. डस्टर एडब्ल्यूडीसारख्या (मागची चाकं गरजेपुरती आपोआप जोडणाऱ्या) गाडीत गोष्टच वेगळी: मागच्या डिफसमोर विजेवर चालणारा क्लच असतो. तो तापला किंवा चाकाचा एबीएस सेन्सर गेला तरी मागची चाकं सोडून दिली जातात. तिथे या हबच्या चाचणीचा उपयोग नाही.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा ठेवा. पुढे उचलून हाताची चाचणी, दोन्ही नळ्यांवर हातपंप, मग क्लच-स्विच, मग बल्ब लावून कनेक्टर आणि अर्थ, मग तेल. मोटर त्यानंतर. काम झालं की पडताळणी डांबरावर नको. मोकळ्या मातीवर ४एच घेऊन स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि क्लच सोडून रेंगाळत एक गोल घ्या. पुढची चाकं माती बाहेरच्या बाजूला ढकलत, धक्के देत वळायला हवीत आणि जमिनीवर घासल्याचे तुटक ओरखडे उमटायला हवेत. गोल अगदी सहज, २एचसारखा झाला तर दिवा काहीही सांगो, कुठलातरी एक हब अजून सुटलेला आहे किंवा ट्रान्स्फर केस पुढे जोर जोडत नाही.